फ्रुक्टोजची बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे सुगरण म्हणत. घरच्या स्वयंपाकाशी या नावाचा काडीचाही संबंध नव्हता. घरी तिच्या हातचा भात आठवड्यातून दोनदा तरी तळाला लागायचा आणि सासरे काही न बोलता वरचा वरचा वाढून घ्यायचे. पण जिवाणू वाढवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्याच्या नळीत मान टाकलेलं जिवाणूंचं कल्चर तिने पुन्हा लावलं की दुसऱ्या दिवशी दुधासारखं दाट होऊन बसलेलं असायचं. प्रयोगशाळा चालवणारे सर तर पाहुण्यांना सांगत, हिने पाण्यात नुसतं बोट बुडवलं तरी काहीतरी उगवेल.

याच प्रयोगशाळेत नऊ वर्षांपूर्वी तिने पीएचडी केली होती, आणि जे बनवलं होतं त्याचं तेव्हा बरंच कौतुक झालं होतं. जिवाणूच्या प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. वर्गात शिकवताना ती सांगायची, प्रमोटर म्हणजे दाराशी बसलेला पहारेकरी. बाहेर काय चाललंय ते बघून आतला दिवा लावायचा की नाही, हे तो ठरवतो. सुगरणीने असे काही शे पहारेकरी तपासले होते आणि त्यातून एक शोधून काढला होता, जो ग्लुकोज घातलं की जागा व्हायचा. त्याच्यामागे तिने लाल प्रथिन बनवणारं जनुक जोडलं. झालं यंत्र तयार. फ्लास्कमध्ये ग्लुकोज नसेल तर जिवाणू पांढरट राहत, असेल तर गुलाबी होत, जास्त असेल तर जास्त गुलाबी. पोरांनी त्याचं बारसंही केलं. गोड लागलं की बोलतो, म्हणून गोडबोल्या.

त्यावर प्रबंध दिला, पाठोपाठ लेक झाली, मग लेख छापून आला आणि पदवी मिळाली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात नोकरी लागली आणि फ्लास्कची जागा खडूने घेतली. गोडबोल्या सरांच्या फ्रीजरमध्ये राहिला. कुणी मागितला की सर त्याची नळी बर्फात घालून पाठवून देत.

एका मंगळवारी, तास संपवून ती शिक्षकांच्या खोलीत डबा उघडत होती तेव्हा तिला फोन आला. फोनवरची मुलगी सरांची सध्याची विद्यार्थिनी होती. प्रयोगशाळेत सगळ्यांत धाकटी, म्हणून तिचं नाव शेंडेफळ पडलं होतं, आणि तिने स्वतःची ओळखही तशीच करून दिली. जरा चाचरतच तिने आपलं काम सांगितलं. औषध बनवणारे जिवाणू मोठ्या टाक्यांत वाढवतात, त्यांना साखर भरवावी लागते. कमी पडली तर ते उपाशी राहतात, जास्त झाली तर सुस्तावतात. गोडबोल्याला त्या टाकीत बसवलं तर तो रंग बदलून साखरेची बातमी देत राहील, अशी सरांची कल्पना होती. शेंडेफळ टेबलावरच्या दोन लिटरच्या काचेच्या टाकीत तेच करून बघत होती. नऊ महिने झाले होते. फ्लास्कमध्ये गोडबोल्या छान गुलाबी व्हायचा आणि टाकीत गेला की तोंड उघडायचा नाही.

"सर म्हणाले, जिने बनवलंय तिच्याकडून एकदा हात शिकून घे," ती म्हणाली. मग थोडं थांबून पुढे म्हणाली, "इथे सगळे म्हणतात माझ्या हाताला गुण नाही."

सुगरण हसली आणि शनिवारी येते म्हणाली. खरं सांगायचं तर तिला ते ऐकून बरं वाटलं होतं. नऊ वर्षांनी कुणीतरी तिच्या हाताची आठवण काढली होती.

शनिवारी ती सकाळी नऊलाच पोचली. जिना तोच होता. दाराशी जंतुनाशकाचा आणि उकळलेल्या रश्श्यासारखा, भांडी निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधून येणारा वासही तोच. शेंडेफळ दारातच उभी होती. अंगाने किरकोळ, केस रबरबँडने घट्ट बांधलेले, नखं मुळापर्यंत कुरतडलेली. तिने सगळी तयारी करून ठेवली होती, आणि ती तयारी बघताना सुगरणीच्या लक्षात आलं की ही मुलगी धांदरट अजिबात नाही. नळ्यांवर तारीख, वार, वेळ, सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

तरी तिने स्वतःच्या हाताने सगळं केलं. आदल्या दिवशी लावलेलं कल्चर टाकीत सोडलं, साखर घातली, हवा सुरू केली. मग दोघी टाकीसमोर स्टुलांवर बसून राहिल्या. अकरा वाजले, बारा वाजले. जिवाणू वाढत होते, टाकी गढूळ होत होती, साखर भराभर संपत होती. रंगाचा पत्ता नव्हता. एकपर्यंत सुगरणीने दोनदा चष्मा पुसला.

टाकीच्या शेजारी मुठीएवढा एक पंप होता. तो मधूनच टक करायचा आणि गप्प व्हायचा. सुगरणीने सहज विचारलं, हा कसला. शेंडेफळाने सांगितलं, अल्कलीचा. साखर खाताना जिवाणू आम्ल सोडतात, टाकी आंबट होत जाते, ते औषधाला चालत नाही. म्हणून आत बुडवलेली कांडी आंबटपणा मोजत राहते आणि जरा वाढला की पंप अल्कलीचा थेंब टाकतो. प्रत्येक टाकीला असतोच.

हे सुगरणीला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात होतं, ती शिकवतही होती. पण तिने स्वतः जन्मभर काम केलं ते फ्लास्कमध्ये, आणि फ्लास्कला पंप नसतो. फ्लास्क आंबट झाला तर होतो, कुणी बघत नाही.

पंप पुन्हा टक वाजला, आणि ती थेंब कुठे पडतो ते बघू लागली.

टाकीत साखर होती, साखर खाणारे होते, पहारेकरी होता. फक्त आंबटपणा नव्हता, तो थेंबाथेंबाने पुसला जात होता. म्हणजे हा पहारेकरी साखर बघून जागा होत नव्हताच कधी. साखर खाऊन झाल्यावर जे आम्ल होतं, त्याने तो जागा होत होता. जास्त साखर, जास्त आम्ल, जास्त गुलाबी. सगळं इतकं बरोबर जुळत होतं की शंका यावी कुठून? गोडबोल्याने नावाप्रमाणे तिला हवं तेच गोड गोड ऐकवलं होतं, आणि तिने ते छापून जगाला सांगितलं होतं.

घरी जाऊन जुन्या वह्या बघते, एवढंच सुगरण म्हणाली. शेंडेफळाने मान हलवली आणि तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत ती विचारत होती, ढवळण्याचा वेग कमी करून बघू का, हवा वाढवू का. सुगरण हूं हूं करत राहिली.

वह्या माळ्यावर होत्या. रविवारी नवरा बाजारात गेलेला असताना तिने स्टूल लावलं, लेकीला ते धरायला सांगितलं आणि धुळीने माखलेलं खोकं खाली काढलं. चौथ्या वहीत तिला हवं ते पान सापडलं. तिथे तिच्याच घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: "लॅक्टोज – रंग नाही. सुक्रोज – रंग नाही. फ्रुक्टोज – गुलाबी! बहुतेक बाटली जुनी, भेसळ असावी. नवी मागवून पुन्हा करणे."

त्यानंतरचं पान चार दिवसांनंतरचं होतं आणि त्यावर प्रबंधाची अनुक्रमणिका होती. फ्रुक्टोज पुन्हा कधी केलंच नव्हतं.

तिला तो आठवडा लख्ख आठवला. आठवा महिना चालू होता, पाय सुजलेले, प्रबंध देण्याची तारीख डोक्यावर. नवी बाटली यायला तीन आठवडे लागणार होते. पहिल्या दोन साखरा तिच्या जिवाणूंना खाताच येत नव्हत्या. खाल्लंच नाही तर आंबट कसं होणार आणि रंग कुठून येणार? तिसरी त्यांनी आनंदाने खाल्ली आणि खरं काय ते सांगून टाकलं. तिने बाटलीवर आळ घेतला आणि पान उलटलं. छापलेल्या लेखात एक वाक्य होतं: इतर साखरांना हे यंत्र प्रतिसाद देत नाही. ते तिनेच लिहिलं होतं. सरांना फ्रुक्टोजबद्दल ती बोललीच नव्हती.

"आई, काय सापडलं?" लेकीने विचारलं.

"जुनं काम," ती म्हणाली आणि खोकं पुन्हा वर टाकलं. ती एक वही मात्र तिने कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली.

पुढचे काही दिवस तिने काहीच केलं नाही. शेंडेफळाचा निरोप आला, वह्यांत काही मिळालं का. ती उत्तर जुळवू लागली. 'हा जिवाणू टाकीसाठी योग्य दिसत नाही, दुसरा काही मार्ग बघ.' ते खोटं नव्हतं. वाचून कुणालाही पटलं असतं. पोरगी दुसऱ्या कामाला लागली असती, सरांची कल्पना सरांबरोबर निवृत्त झाली असती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. दोनदा तिने ते वाक्य लिहिलं आणि दोनदा पुसलं. पाठवलं नाही हे खरं. पण दुसरं काही पाठवलं हेही नाही. वर्गात शिकवताना पहारेकऱ्याचा दाखला आला की तिची जीभ अडखळायची.

तिचे सासरे, ज्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत, चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सकाळचा पेपर ते पेन्सिल घेऊनच वाचत. गुरुवारी संध्याकाळी ती त्यांच्याजवळ शेंगा सोलायला बसली आणि हातातल्या शेंगेकडे बघत विचारलं, "नाना, तुमच्या नजरेतून सुटलेली चूक कधी छापली गेलीय?"

नानांनी पेपर खाली ठेवला. ते म्हणाले, एक का, ढीगभर. पण सांगावी अशी एकच. भूमितीचं शाळेचं पुस्तक होतं. एका त्रिकोणात कोनाचा आकडा उलटा पडला होता. पुस्तकं बांधून बाहेर गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांना ते अचानक, जेवता जेवता आठवलं. ते मालकांकडे गेले. मालक म्हणाले, कुणाच्या लक्षात येतंय, पुढच्या आवृत्तीत बघू. नाना गप्प बसले. वर्षभराने एका शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं. ज्या मुलांनी गणित बरोबर सोडवलं होतं, त्यांची उत्तरं पुस्तकामागच्या उत्तरांच्या यादीशी जुळली नाहीत, म्हणून वर्षभर त्यांचे मार्क कापले गेले. त्यातल्या एकाला बाईंनी वर्गात उभं केलं होतं.

"शुद्धिपत्राच्या चार ओळी लागल्या असत्या," नाना म्हणाले. "सूनबाई, चुकल्याचं मला फारसं वाटत नाही. इतकी पानं वाचायची म्हटल्यावर एखादं सुटणारच. पण ते वर्ष आहे ना, मला ठाऊक असून गेलेलं, ते अजून टोचतं."

तिने का विचारलं, हे त्यांनी विचारलं नाही. पेपर उचलला आणि अग्रलेखातल्या एका ऱ्हस्व उकारावर पेन्सिल टेकवली.

तिने तेव्हाच उठून शेंडेफळाला फोन लावला. शनिवारी येते म्हणाली, आणि आधी एवढं तयार ठेव: चार फ्लास्क, आम्लाचा तोल राखणारे क्षार, थोडं सौम्य आम्ल आणि फ्रुक्टोजची नवी बाटली.

"फ्रुक्टोज कशाला?"

"आल्यावर सांगते."

पण आल्यावर तिने सांगितलं नाही. अजून एक दिवस तिने स्वतःला दिला, आणि त्या दिवसाची तिला पुढे लाज वाटली. चार फ्लास्क लावले. पहिल्यात ग्लुकोज, नेहमीसारखं. दुसऱ्यात ग्लुकोज, पण भरपूर क्षार घालून, म्हणजे कितीही साखर खाल्ली तरी आंबट होऊ नये. तिसऱ्यात साखरेचा कणही नाही, फक्त आम्ल. चौथ्यात फ्रुक्टोज. शेंडेफळाने प्रत्येकावर आपल्या त्या सुरेख अक्षरात चिठ्ठी चिकटवली आणि ते फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या शेकरवर चढवले. चिठ्ठ्या लिहिता लिहिताच तिची गती मंद झाली होती. तिने एकदा सुगरणीकडे पाहिलं.

रविवारी सकाळी शेकर थांबवला तेव्हा पहिला फ्लास्क गुलाबी होता. दुसरा पांढरा. साखर नसलेला तिसरा गुलाबी. चौथाही गुलाबी.

शेंडेफळाने चारही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. मग टाकीकडे वळली, पंपावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "गोडबोल्या आम्ल मोजतो. साखर नाही."

"हो."

सुगरणीने पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. मुलीने ते उभ्याउभ्याच वाचलं. एकदा वाचून पुन्हा वाचलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"मागच्या शनिवारी. तू मला पंपाबद्दल सांगितलंस तेव्हा."

"म्हणजे मी तुम्हाला बसपर्यंत सोडायला आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो. माहीत होतं."

शेंडेफळाने वही मिटली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सुगरणीला सोपं गेलं असतं. "नऊ महिने मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगत होते की हे काम मला जमत नाही," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात आईला सांगितलं, मी सोडून घरी येते. ती म्हणाली, ये. माझी खोली तिने आवरूनही ठेवलीय."

सुगरण म्हणाली, "चूक माझी आहे. तुझा हात चांगला आहे."

"ते मला आता दिसतंय. तुम्ही सांगायला नको."

आणि तिने चारही फ्लास्कचे फोटो काढले, तारीख घालून स्वतःच्या वहीत नोंद केली, आणि तिसरा फ्लास्क पुन्हा लावायला घेतला, कारण एकदा आलेल्या निकालावर विश्वास ठेवायचा नाही असं तिला शिकवलेलं होतं. सुगरण आपली वही आणि पर्स घेऊन जिना उतरली.

सोमवारी सुट्टी टाकून ती सरांना भेटली. सरांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. खोलीतली निम्मी पुस्तकं आधीच खोक्यांत गेली होती. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. बाळंतपणाचं सांगायचं नाही असं ती ठरवून गेली होती आणि तसं सांगितलंही नाही. सरांनी वही मागितली. चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी ते वाचलं. मग त्यांचं बोट पानाच्या तळाशी गेलं. तिथे त्यांची सही होती. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक पानाखाली त्यांची सही लागायची, तसा नियमच होता.

"फ्रुक्टोजसमोर तू उद्गारचिन्ह काढलंयस," सर म्हणाले. "न दिसण्यासारखं नाही ते."

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"मी वाचून सही केली की न वाचता, आता आठवत नाही. दोन्हींतलं काय बरं, तेही सांगता येत नाही मला." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "तू मला सांगितलं नाहीस, हे आहेच. पण विचारायचं काम माझं होतं."

ते तिला रागावले नाहीत, आणि धीरही दिला नाही. लेख मागे घ्यावा लागेल, असं म्हणाले. पत्र तू लिही, सही दोघांची. तिने ते त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' असा शब्द पडला होता. सरांनी त्याच्याखाली रेघ मारली. तिने तो काढला आणि त्या जागी काय घडलं ते लिहिलं: फ्रुक्टोजचा एक निकाल विरोधात होता, तो आम्ही पुन्हा तपासला नाही आणि लेखात दिला नाही.

लेख मागे घेतल्याची सूचना पाच महिन्यांनी आली, चार ओळींची. त्या पाच महिन्यांत काय काय झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. कॉलेजात तिच्या बढतीची फाइल वर गेली होती, ती तिथेच थांबली. एक सहकारी म्हणाली, कशाला उकरून काढलंस, कुणी विचारलं होतं? दुसऱ्या एकाने जेवताना मुद्दाम शेजारी येऊन बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि ते तिला सहकारिणीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता झोप लागेल ना?" लागली, पण लगेच नाही.

सूचना छापून आल्यावर मात्र तिला तीन पत्रं आली, तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून. गोडबोल्या त्यांनीही सरांकडून मागवला होता. एकीने दोन वर्षं झटापट करून नळी कचऱ्यात टाकली होती. एकाने विद्यार्थ्याला विषय बदलायला लावला होता. तिघांनीही जवळजवळ तेच लिहिलं होतं, की आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकतंय. सुगरणीने तिन्ही पत्रांना उत्तरं लिहिली. त्या उत्तरांना तिला लेखापेक्षा जास्त वेळ लागला.

शेंडेफळ घरी गेली नाही. तिला मुदत वाढवून मिळाली आणि तिने नव्याने सुरुवात केली. या वेळी तिने पहारेकरी उगाच घोळक्यातून उचलला नाही. जिवाणूला ग्लुकोज आत घ्यायला एक खास दार लागतं, आणि बाहेर ग्लुकोज असेल तेव्हाच तो ते दार जास्त बनवतो. त्या दाराच्या जनुकासमोरचा प्रमोटर तिने घेतला आणि त्याला लाल प्रथिन जोडलं. सहा महिन्यांनी तिचा सुगरणीला फोन आला. मधल्या काळात दोघी एकदाही बोलल्या नव्हत्या.

बोलणं थोडक्यात झालं. लेखात तुमचं नाव नसेल, शेंडेफळ म्हणाली, ते मी आधीच सांगते. पण हे यंत्र मोडून बघायला मला कुणीतरी हवंय. इथले सगळे म्हणतात छान झालंय. मला ते ऐकायचं नाही.

"म्हणजे मी खोड काढायला यायचं?" सुगरणीने विचारलं.

"हो. तुम्हाला माहितीय ना, ती कुठे लपते."

या वाक्यात मिरची होती हे सुगरणीला कळलं. तिने ती गिळली आणि शनिवारपासून जाऊ लागली.

तिने खोड काढायची म्हणजे किती काढावी? अकरा साखरा घालून बघितल्या. आम्ल घातलं, मीठ घातलं, गारठवलं, तापवलं, उपाशी ठेवलं. शेंडेफळ निमूटपणे सगळं लावायची आणि लिहायची. दोन-तीन साखरांना जरासा रंग आला, तो मोजला आणि जसाच्या तसा टेबलात भरला. ग्लुकोज नसतानाही हा पहारेकरी थोडा जागाच असायचा, पांढऱ्यात गुलाबीची एक झाक राहायची. ती किती, तेही लिहिलं. या शनिवारांत दोघींमध्ये फार गप्पा झाल्या नाहीत. पण चौथ्या आठवड्यात शेंडेफळाने डब्यातला अर्धा भाग न विचारता तिच्यापुढे सरकवला, आणि सुगरणीने तो न विचारता खाल्ला.

सातव्या शनिवारी यंत्र टाकीत गेलं. पंप टकटक करत होता. अकराच्या सुमाराला टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे उठत होते तिथे रंग आल्यासारखा वाटला. साडेअकराला शंकेला जागा उरली नाही, सगळी टाकी गुलाबी झाली होती. शेंडेफळाने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती पाठमोरी होऊन खिडकीपाशी गेली. सुगरणीने तिला तिथे राहू दिलं.

मग ती टाकीसमोरच्या स्टुलावर बसली आणि नेहमीच्या सवयीने पुढचं बघू लागली. बाराला साखर संपली, मोजणाऱ्या पट्टीने शून्य दाखवलं. आता रंग उतरायला हवा होता. साडेबारा झाले, एक झाला. टाकी होती तशीच गुलाबी.

"अगं, इकडे ये," ती म्हणाली. "साखर संपून तास झाला. हा अजून आहे आहे म्हणतोय."

शेंडेफळ आली. तिने पट्टी पुन्हा बुडवली, आकडा बघितला, टाकीकडे बघितलं. डोळे अजून ओले होते, पण कपाळावर आठी पडली होती आणि ती आठी सुगरणीला आवडली.

"प्रमोटर बंद झाला असेल," मुलगी सावकाश म्हणाली. "पण आधी बनलेलं लाल प्रथिन तसंच पडून आहे. ते कुठे जाणार?"

"हो ना. दिवा लागतो, विझत नाही."

"मग साखर संपल्याचं टाकीला कळणारच नाही. निम्मं यंत्र झालंय."

"निम्मं झालंय," सुगरण म्हणाली. ती एरवी पुढे काहीतरी धीराचं बोलली असती. या वेळी नाही बोलली.

शेंडेफळ स्टूल ओढून बसली. लवकर कुजणारं प्रथिन करता येईल का, त्याच्या शेपटीला काही जोडता येईल का, मग रंग फिका पडेल का, फिका पडला तर मोजता येईल का, असं एकेक ती मोठ्याने बोलत गेली, आणि सुगरण प्रत्येक वेळी त्यातली अडचण सांगत गेली. दोन वाजता त्यांनी टाकी रिकामी केली, धुतली आणि ऑटोक्लेव्हमध्ये लावली.

"पुढच्या शनिवारी नऊला नको," शेंडेफळ हातमोजे काढत म्हणाली. "रंग उतरायला किती वेळ लागतो ते बघायचंय, दिवस पुरणार नाही. सातला याल?"

पहिली बस सव्वासहाची होती. सुगरण हो म्हणाली.